पाहुण्यांचं ताट

गास, ता. वसई
रविवार, १५ ऑगस्ट १९९९

फ्लॉसी,

तुझा पत्ता मी चोरलेला नाही. सिस्टर क्लेमेंटीन चर्चच्या दारात भेटल्या, मी मागितला, त्यांनी दिला. ‘फ्लॉसीनं कुणाला देऊ नका म्हणून बजावलंय,’ हे त्यांनी पत्ता लिहून झाल्यावर सांगितलं. तेव्हा भांडायचं असेल तर त्यांच्याशी भांड. सिस्टरांशी भांडायची तुझी छाती नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून निवांतपणे लिहिते आहे.

तुला जाऊन दीड वर्ष झालं. फॅक्टरी सोडलीस, घर सोडलंस, बंगलोरला सिस्टरांच्या वसतिगृहात जाऊन राहिलीस आणि तिथेही शेवटी शर्टच शिवायला लागलीस. आई म्हणते, एवढ्या लांब जाऊन पुन्हा मशीनवरच बसायचं तर इथं काय वाईट होतं. मी तसं म्हणत नाही. इथं काय वाईट होतं ते मला माहीत आहे, मी अजून तिथंच बसते.

माफीबिफी मागायला हे पत्र नाही. बोलल्या त्या बाकीच्या, मी तुझी सख्खी बहीण, मी तुला एका शब्दानं बोलले नव्हते. मी तुझ्याबरोबर नोकरी सोडली नाही एवढाच राग असेल तर खुशाल ठेव. माझं लग्न झाल्यापासून फ्रेडरिकच्या मोगऱ्याच्या वाडीवर आमच्या घरात आठवड्याचा बाजारसुद्धा येत नाही, हे तू डोळ्यांनी पाहिलेलं आहेस.

आज सुट्टी आहे. झेंड्याचा दिवस, मरियामातेचा सण आणि रविवार असे तिन्ही एकाच दिवशी आले. फ्रेडरिक म्हणतो, तुमच्या शेठनं देवाला पैसे चारून कॅलेंडर बनवून घेतलं असणार. चर्चमध्ये मिस्सा करून आले, मासळी केली आणि आता ओट्यावर बसून लिहिते आहे. आई बरी आहे. पोस्टमनची सायकल वाजली की ती बाहेर येते. विचारत काही नाही, नुसती येते, आणि तो पुढं गेला की आत जाते.

सोबत सुकेळी पाठवते. निर्मळच्या मामींनी मे महिन्यात वाळवलेली आहेत. तिथल्या पोरींना एकेक दे आणि वाळवलेली केळी असतात हे सांग, नाहीतर चामडं आहे म्हणून टाकून देतील.

बाकी सगळं ठीक. कामाचंही ठीकच आहे. कंदीलवाल्यांची ऑर्डर अजून आपल्याकडेच आहे. तुमच्या तिथं कुणाचे शर्ट असतात? सहज विचारते आहे.

सेलिन


गास
रविवार, १२ सप्टेंबर १९९९

फ्लॉसी,

सुकेळी परत आली नाहीत, म्हणजे खाल्लीस. पत्र परत आलं नाही, म्हणजे वाचलंस. एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

मागच्या पत्रात ‘सहज विचारते’ असं लिहिलं होतं, ते सहज नव्हतं. ‘कामाचं ठीकच आहे’ हेही खोटं होतं. तुला घाबरवायचं नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्या गरजेनं पत्र लिहिलंय असं तुला वाटायला नको होतं. आता उत्तरच येत नाही म्हटल्यावर खरं सांगून टाकते.

त्यासाठी कंदीलवाल्यांची मॅडम आली होती त्या दिवसापासून सुरुवात करायला हवी. तू म्हणशील, मला काय सांगतेस, मी तिथंच होते. होतीस, पण मान खाली घालून शिवत होतीस. तुला काही दिसलं नाही. मी उभी होते, मी पाहिलं.

त्या कंपनीचं नाव आपल्यापैकी एकीलाही धड उच्चारता यायचं नाही, म्हणून लेबलवरचा कंदील बघून आपण त्यांना कंदीलवाले म्हणायला लागलो. आजवर त्यांचं नुसतं लेबल यायचं आणि आता साक्षात माणूस येणार म्हटल्यावर आपण किती नाचलो होतो, आठवतं? कुणीही सांगितलं नव्हतं. वसुंधरानं चंदनसारहून हार आणला. शेजारच्या मशीनवरच्या बेटीनं पाचूबंदरच्या घरातला नवा टेबलक्लॉथ आणून कटिंगच्या टेबलावर घातला. मी सुकेळी नेली. मॅडमनं सुकेळं हातात घेऊन कापडाच्या नमुन्यासारखं उलटसुलट केलं, दोन बोटांनी ताणून पाहिलं, मग खाल्लं आणि दुसरं मागून घेतलं. मला ती बाई आवडली होती, अजूनही ती मला वाईट वाटत नाही.

मग ती म्हणाली, कॉलर कशी शिवता ते दाखवा. आपल्या घरी पाहुणा आला की आपण काय करतो? चेपलेली ताटं मागं सारतो आणि काचेच्या कपाटातलं पाहुण्यांचं ताट काढतो. तसं आपण तुला काढलं. ‘फ्लॉसी, तू बस,’ हे सगळ्यांत आधी वसुंधरा म्हणाली, मी या कानांनी ऐकलंय. आणि तू बसलीस. फ्लॉसी, तू त्या दिवशी काय शिवलंस. सगळी लाइन टाळ्या वाजवत होती. मॅडमबरोबर आलेला तो चष्मेवाला सारखा घड्याळ बघत होता. मला वाटलं, त्याला विमान गाठायचं असेल.

पुढचं तुला माहीत आहे. त्यानं तुझ्या कॉलरवरून शर्टाची मिनिटं बसवली आणि मिनिटांवरून भाव. भाव उतरला, तसं शेठनी टार्गेट चढवलं. पाहुण्यांसमोर एकदा वाढलेलं ताट आपल्याला रोज, दिवसभर वाढावं लागलं. टार्गेट पुरं झालं नाही की बेल झाल्यावरही बसायचं आणि त्या बसण्याचा पैसा मिळायचा नाही. ज्या टाळ्या वाजवत होत्या त्याच तुझ्या मशीनवर खडूनं ‘मॅडमची लाडकी’ असं लिहून गेल्या. वसुंधरानं तुझ्याशेजारी डबा उघडायचं सोडलं. एवढं झाल्यावर तू गेलीस.

आता नवीन गोष्ट सांगते. विलास सुपरवायझर म्हणतो, टार्गेट अजून वाढणार. आम्ही नाही म्हटलं तर तो म्हणाला, “बंगलोरच्या मुली यापेक्षा फास्ट काढतात. तुम्हाला जमत नसेल तर ऑर्डर तिकडे जाणार, बात खतम.” दिवाळीनंतर मॅडम पुन्हा येणार आहे. त्याआधी आम्हाला कबूल करायला लावताहेत. बेटीच्या घरी तिच्या एकटीचा पगार आहे. वसुंधराच्या नवऱ्याची मिल बंद झाल्यापासून फ्लॅटचा हप्ता तीच भरते. ऑर्डर गेली तर काय, हा विचार करूनच बायका गप्प बसतात.

म्हणून विचारते. तुमच्याकडे कंदीलवाले आहेत का? तिथं कॉलरचं टार्गेट खरंच आमच्याहून जास्त आहे का?

आणि बरी आहेस का, हेही विचारते. हे आधी विचारायला हवं होतं.

सेलिन


गास
रविवार, ३ ऑक्टोबर १९९९

फ्लॉसी,

तुझं कार्ड मिळालं. पाकिटात घातलं असतंस तर चाललं असतं, बंगलोरपासून गासपर्यंत सगळ्या पोस्टमननी वाचलं असेल. आईनं ते घेतलं आणि मी कामावरून येईपर्यंत पदराखाली ठेवलं. चष्मा फुटलाय म्हणून तिला वाचता आलं नाही. मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, पण त्यातलं थोडं बदलून. ‘फ्लॉसी मजेत आहे, सुकेळी आवडली,’ असं वाचलं. तुझ्या कार्डात सुकेळ्यांचा शब्दसुद्धा नाही.

तुझं ते वाक्य, ‘काम पडलं म्हणून आठवण आली ना,’ मला लागायचं तेवढं लागलं. खरं आहे, काम पडलं. पण फ्लॉसी, ज्या दिवशी काम नव्हतं त्या दिवशीही आठवण येत होती, फक्त पत्ता नव्हता. आणि पत्ता मिळाल्यावर दोनदा बूथवरून वसतिगृहात फोन केला तेव्हा तू खाली आली नाहीस, हे सिस्टरांनी मला सांगितलंय.

आता तुझं पुढचं वाक्य. ते मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. ‘टार्गेट तुमच्याएवढंच आहे. आम्ही जमत नाही म्हटलं की सांगतात, वसईच्या बायका काढतात, तुम्हाला काय धाड भरलीय. वसईच्या बायका म्हणजे कोण ते मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. मलाच ते पुरं होत नाही. रोज बेलनंतर बसवतात.’

मी आधी हसले. फ्रेडरिकनं आतून विचारलं काय झालं, तोवर रडायला लागले होते. आम्हाला तुमची भीती घालतात आणि तुम्हाला आमची. आणि मधे कोण, तर तू. टाळ्यांच्या नादात एका दुपारी हात चालवलास, आणि त्या हातानं तुला गासहून हाकललं ते हाकललं, बंगलोरलाही येऊन तुझ्या उरावर बसलाय. तुझं तुला पुरं होत नाही तर वसुंधराला काय होणार, आणि बेटीला काय, जिचा अंगठा आता सकाळी नीट उघडतही नाही?

माझी एक विनंती आहे. हे मला लाइनमध्ये सांगू दे. त्यांना वाटतं तू तिकडे सुखात आहेस, मॅडमनं तुला बोलावून नेलं, अशीही आवई एकीनं उठवली होती. तू हो म्हटल्याशिवाय मी कुणाला सांगणार नाही. उत्तर पाकिटातून पाठव.

आईनं विचारलंय, तिथं भात कसला असतो.

सेलिन


गास
रविवार, २४ ऑक्टोबर १९९९

फ्लॉसी,

सांगितलं. तुझं उत्तर यायच्या आत सांगितलं. आता ओरड.

मी ठरवून नव्हतं सांगितलं. डबा खायला बसलो होतो आणि वसुंधरा म्हणाली, “तुझ्या बहिणीमुळे आपण मरतोय आणि ती तिकडे एसीत बसली असेल.” मी इतके दिवस ऐकून घेतलं होतं, त्या दिवशी नाही घेतलं. पर्समधून तुझं कार्ड काढलं आणि तिच्या भाजीच्या डब्याशेजारी ठेवलं. तिनं वाचलं. झाकण लावलं. बाकीचा डबा तिनं खाल्ला नाही. दुपारभर ती माझ्याशी बोलली नाही आणि मला वाटलं, आता हिच्याशीही संपलं. सुट्टीला गेटवर उभी होती. म्हणाली, “मीच तिला बस म्हटलं होतं ना गं?” मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? मग तिनं तुझा पत्ता मागितला. मी दिलेला नाही. तू म्हणशील तेव्हा देईन, एवढं शिकले आहे.

त्यानंतर गोष्ट पसरली. बेटीनं विचारलं ते सगळ्यात सरळ होतं. “म्हनजे आपन तिला भितो आनि ती आपल्याला भिते. मग फायदा कोनाचा?”

मी इथं मॅडमला शिव्या घालत बसलेली नाही. मी त्यावर विचार केलाय. आगाशीच्या बाजारात मीही बोंबलाच्या वाट्यासाठी घासाघीस करतेच, बेटीच्या आईशीसुद्धा करते. स्वस्त कुणाला नको असतं? पण बेटीची आई समोर बसलेली असते. फारच खाली आले तर ती माझ्या पिशवीतले बोंबील काढून परत टोपलीत टाकते आणि वर माझा उद्धार करते. मग मला लाज वाटते आणि मी वाजवी भाव देते. कंदीलवाल्यांना लाज वाटायला समोर कुणी नसतंच. शर्ट जातो आणि आम्ही इथंच राहतो. एकदा ती बाई समोर आली, तर आम्ही तिला खोटंच दाखवलं.

म्हणून आता ठरलंय. या वेळी पाहुण्यांचं ताट काढायचं नाही. हार नाही, टेबलक्लॉथ नाही. जशा रोज शिवतो, पाठ दुखली की थांबून, पाणी पिऊन, दोरा तुटला की ओवून, तसंच शिवायचं. मोजायचं तर ते मोजा. बेटी घाबरली आहे. ऑर्डर गेली तर मी काय करू, हे ती रोज एकदा विचारते आणि तिला कुणीही खात्री देऊ शकत नाही. मीही देऊ शकत नाही. तरी ती ‘नको’ म्हणालेली नाही.

सुकेळी मात्र नेणार आहे. रोजचं दाखवायचं म्हणजे पाहुण्याला उपाशी पाठवायचं असं नाही.

मॅडम इथून बंगलोरला येणार, असं विलासच्या तोंडून निसटलं. बाकी तू समजून घे.

सेलिन


गास
रविवार, २१ नोव्हेंबर १९९९

फ्लॉसी,

तुझं पाकीट आलं. ‘सांगितलंस ते बरं केलंस, मला विचारायला नको होतंस, मी नाहीच म्हटलं असतं,’ हे वाचून मी पेढे घेऊन मामींकडे गेले. असं पत्र लिहिणारी माणसं जगात फार नसतात.

मॅडम येऊन गेली. आणि मी तिथं नव्हते. एवढं सगळं मी जुळवलं, रात्रंदिवस डोकं खाल्लं, आणि ऐन वेळी मी वरच्या मजल्यावर खोक्यांत. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी आमचा बेत इतक्या जणांना सांगितला होता की गासच्या पाववाल्यालाही माहीत होता. विलासला कळायला कितीसा वेळ लागणार? आदल्या दिवशीच मला लाइनवरून उचलून फिनिशिंगला टाकलं. धागे कापायचे, घड्या घालायच्या आणि मॅडमच्या देशातल्या दुकानातल्या किमतीची चिठ्ठी शर्टाला अडकवायची. ती किंमत मी एकदा वाचली. नंतरच्या चिठ्ठ्या न वाचता लावल्या, कारण वाचत राहिले असते तर हात चालला नसता. अजून मी तिथंच आहे. हे तुला सांगणार नव्हते, उगाच काळजी करशील म्हणून.

तेव्हा पुढचं सगळं ऐकीव आहे, पण प्रत्येकीकडून वेगळं ऐकून मी ताळा केलाय.

मॅडम आली, तो चष्मेवालाही आला. सकाळीच त्यानं घड्याळ काढलं आणि विलासनं वसुंधराला बसायला सांगितलं. आता आपल्यात सगळ्यांत चांगला हात तिचाच आहे. वसुंधरा बसली. बसून तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. विलास म्हणाला, चालू करा. ती म्हणाली, “मागच्या वेळी पाहुण्यांसाठी केलं होतं. आज रोजचं बघा. आत्ता सकाळ आहे, आत्ता सगळ्याच फास्ट असतात. चार वाजता मोजा.” मॅडमबरोबरच्या ऑफिसातल्या मुलीनं ते इंग्रजीत सांगितलं. विलासचा चेहरा कसा झाला होता ते मला सगळ्यांनी करून दाखवलं, आणि प्रत्येकीचा वेगळा होता.

मॅडमनं विचारलं, ती मागची मुलगी कुठं आहे, ती फार भराभर शिवायची ती? तुझं नाव घ्यायचं नाही असं माझ्यादेखत ठरलं होतं. तुझी नोकरी आहे, तू तिथं एकटी आहेस. आणि बोलली कोण, तर बेटी. मशीनमागून उठून म्हणाली, “ती तुमच्याच बंगलोरच्या फॅक्टरीत हाय. तिलापन ते जमत नाय. आमचं खोटं वाटत असेल तर तिलाच इचारा.” आणि बसली. पुन्हा शिवायला लागली, मागं वळून बघितलंसुद्धा नाही. नंतर संडासात जाऊन रडली.

चार वाजता चष्मेवाला आला, वसुंधराच्या शेजारी उभा राहिला आणि मोजलं. काय मोजलं ते कुणाला सांगितलं नाही. शेठनी विलासला केबिनमध्ये घेतलं. तेव्हापासून कुणी आम्हाला चांगलं म्हणत नाही की वाईट. ऑर्डर राहणार की जाणार, कुणाला पत्ता नाही. वसुंधरा मला म्हणाली, ऑर्डर गेली तरी तुझ्या बहिणीचं नाव मी खराब राहू देणार नाही. तिला काय म्हणायचं होतं ते तिलाही नीट सांगता आलं नाही, पण मला समजलं.

आता मुद्द्याचं. मॅडम मंगळवारी तुमच्याकडे पोचते आहे. बेटीनं नाव घेतलं नाही, पण वसईची मुलगी म्हटल्यावर शोधायला वेळ लागणार नाही. मॅडम विचारेल, ती मुलगी कोण? फ्लॉसी, तू गप्प बसलीस तरी इथं तुला कुणी काही म्हणणार नाही, हे मी सगळ्यांकडून वदवून घेतलंय. एकदा तुला आम्ही पुढं ढकललं होतं. या वेळी कुणी ढकलत नाही. उठायचं की नाही ते तुझं तू बघ.

हे पत्र मंगळवारच्या आत पोचणार नाही, कळतंय मला. तरी लिहिलं. उद्या बूथवर जाणार आहे. या वेळी तरी खाली ये.

सेलिन


गास
रविवार, १२ डिसेंबर १९९९

प्रिय फ्लॉसी,

तुझं जाडजूड पत्र आलं तेव्हा आईनं ते माझ्या हातात न देता आधी फ्रेडरिककडे दिलं. तिचा नवा चष्मा आला होता, पण एकदम वाचायचा धीर होत नव्हता. शेवटी आम्ही तिघं ओट्यावर बसलो आणि मी मोठ्यानं वाचलं. या वेळी एक शब्दही बदलला नाही.

तू उभी राहिलीस तिथं पोचल्यावर मी कागद फ्रेडरिकच्या हातात दिला, पुढचं त्यानं वाचलं. तू म्हणालीस, ‘ती मीच. पण एका कॉलरवरून मोजू नका, दिवसभर माझ्याशेजारी बसा.’ हे तुला सुचलं कसं? आम्ही चारपर्यंतच पोचलो होतो. त्या चष्मेवाल्यानं खरंच स्टूल घेतलं, आणि तुझ्याशेजारी सकाळपासून बेलपर्यंत बसला, आणि दुपारी त्याचीच पाठ दुखायला लागली, आणि तुझ्या शेजारच्या कन्नड पोरीनं त्याला उशी आणून दिली. हे मी सोमवारी डब्याच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. बेटी इतकी हसली की तिला ठसका लागला. वसुंधरानं उशीचं पुन्हा वाचायला लावलं.

आणि तिकडून तुझं पत्र निघालं तेवढ्यात इथंही निरोप आला. टार्गेट उतरलं, इथलं आणि तुमचं, दोन्हीकडचं सारखं. ऑर्डर आहे तिथंच आहे. बुधवारी पहिल्यांदा बेल झाली आणि कुणीही बसून राहिलं नाही. आम्हीच गोंधळलो. उठायचं का, असं एकमेकींकडे बघत होतो. बेटीनं आधी पर्स उचलली, मग सगळ्यांनी उचलल्या. घरी आले तर अजून उजेड होता. फ्रेडरिक वाडीत पाणी लावत होता, म्हणाला, काय गं, काढून टाकलं की काय? इतक्या दिवसांत कामाच्या दिवशी मी पहिल्यांदा उजेडात मोगरा पाहिला. बरा आलाय.

उगाच फुगवून सांगत नाही. पगार तोच आहे. कंदीलवाल्यांचं मन एवढंही मोठं झालेलं नाही. विलास माझ्याशी बोलत नाही आणि मी अजून फिनिशिंगलाच आहे, शर्टांना किमती अडकवते. पण जानेवारीत पगाराचं बोलायचं ठरलंय, आणि वसुंधरा म्हणते, आपण ज्या दिवशी बोलू त्याच दिवशी बंगलोरच्याही बोलतील असं करा. तुझा पत्ता मी तिला दिलाय, तुझ्या परवानगीनं, नोंद घे. आता कुणी ‘तिकडच्या बायका काढतात’ म्हटलं की आपण तिकडच्या बायकांनाच विचारणार.

तू तिथंच राहायचं म्हणतेस, त्या पोरींना सोडून येववत नाही म्हणतेस. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. आईला मी सांगितलं, फ्लॉसी पळून गेली होती, आता ती तिथं राहते. आईला हा फरक माझ्याआधी कळला होता.

पण नाताळला यायचंच. सुट्टी मिळते असं तू लिहिलंयस, आता शब्द फिरवू नकोस. निर्मळच्या जत्रेतून तुझ्यासाठी हिरव्या बांगड्या घेतल्यात, माप आठवेना म्हणून वसुंधराच्या हातावर घातल्या. ती म्हणाली, तिचा हात माझ्याएवढाच होता. ती आणि बेटी नाताळच्या दुसऱ्या दिवशी जेवायला आपल्याकडे येणार आहेत. बेटी सुरमई आणणार आहे आणि पैसे घेणार नाही असं म्हणते. मी देणार आहे, भांडण होईल, तू मधे पडू नकोस. आई इंद्याल करणार आहे. वसुंधरा डुकराचं खात नाही, तिच्यासाठी कोंबडीचं वेगळं.

परवा मामी आल्या होत्या. फ्लॉसी एवढ्या दिवसांनी येणार म्हणून त्यांनी काचेच्या कपाटातलं पाहुण्यांचं ताट काढून पुसायला घेतलं. आईनं ते त्यांच्या हातातून घेतलं आणि परत ठेवलं. म्हणाली, ती काय पाहुणी आहे? मग फळीमागून तुझं जुनं ताट काढलं, कडेला चेपलेलं, आणि राख घेऊन घासायला बसली. ते आता चुलीशेजारी पालथं घालून ठेवलंय. ये, आणि त्यात सावकाश जेव.

तुझी
सेलिन